पिशवीतनं वर जाऊन आलेला फोन

मला निरोप सांगायला धाडू नका, असं माजी आई सगळ्यांना सांगायची. मी निरोप शब्दाला शब्द बरोबर सांगतो, पण येळ निगून गेल्यावर सांगतो. एकदा मला कान्हे गावाला मामाकडं धाडलं, की गुरुवारी भईणीला बगायला पावणे येणारेत, तुमी बी या. मामीनं मटण केलतं. दुसऱ्या दिवशी शेजारी बारसं निगालं, मी ऱ्हायलो. गुरुवारी मामाला टोपी घालून रुबाबात घरी घेऊन आलो, तर पावणे बुधवारीच येऊन, पोहे खाऊन, पसंती सांगून गेलेले. दिवस बदलल्याचं सगळ्या गावाला म्हाईत, फक्त मला आन् मामाला न्हाई. मामा वर्षभर माज्याशी बोलला न्हाई. भईण खूश व्हती. म्हणली, बरं झालं, दादा हितं असता तर मोडलं असतं.

शाळेचं बी तसंच. चौथीत बसलो आन् चौथीतनंच उठलो. आता तुंगार्लीला एका बंगल्याची बाग बगतो. मालक वर्षातनं दोनदा येत्यात, म्हणून अजून कामावर हाय. लावणीच्या दिवसांत सुट्टी घेऊन वाडीत ऱ्हातो. आमची वाडी कुरवंड्याच्या पल्याड. घरं तीन ठिकाणी इखुरलेली, मधी ओढा, आन् पावसाळ्यात धुकं इतकं, की आपलीच म्हस हाक मारून ओळखावी लागती.

भाताची लावणी आमी सावडीनं करतो. म्हणजे अठरा घरं हाईत, एका घरातनं एक माणूस. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या खाचरात लावायचं, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी न्हाई. ज्याचं वावर त्यानं दुपारी बांधावर सगळ्यांना जेवू घालायचं. आन् एक नियम हाय, कुणी कुटं लिहून ठिवलेला न्हाई पण सगळे पाळत्यात. ज्याच्या बांधावर जेवलो, त्याचं वावर पुरं केल्याबिगर दुसऱ्याच्यात पाय घालायचा न्हाई.

माजी लावणी वाकडी. दोरी धरून चाललो तरी माजी ओळ अशी फिरती की मागनं येणाऱ्याला चक्कर यावी. म्हणून एका साली सगळ्यांनी बसून ठरवलं, की ह्याला कमी लावायला द्या आन् उद्या कुणाची पाळी ते सांगत फिरू द्या. माजी आई तवा ऱ्हायली न्हवती, न्हाईतर तिनं त्यांना सावध केलं असतं.

आमच्याकडं फोनला रेंज न्हाई. वरच्या अंगाला एक जांभूळ हाय, तिच्या बुडाशी एक दगड. त्या दगडावर उभं ऱ्हायलं की दोन काड्या येत्यात. घरापासनं चढायला धा मिंटं. त्यावरनं वाडीत एक पद्धत पडलीय. कुणी बी वर निगालं, की शेजारपाजारचे फोन पिशवीत घालून घेऊन जायचं. पिशवी दगडावर ठिवायची. आपलं बोलणं होईस्तोवर पिशवीत सगळ्यांचे मेसेज टणाटण पडत्यात. मग पिशवी खाली आणून ज्याचा फोन त्याला द्यायचा, चक्कीवरनं दळण आणल्यासारखा. सांजच्याला म्हातारी माणसं बी इचारत्यात, "फोन वर जाऊन आला का?" वर जाऊन आलेला फोन म्हणजे ताजा फोन. ह्यात कदी कुणाला शंका आली न्हाई.

माज्या थोरल्या भावाची पोरगी पुण्याकडं एका कंपनीत कामाला हाय, फोनातली ॲपं बनवती. उन्हाळ्यात सुट्टीवर आली, तवा मी सावडीच्या पाळ्यांवरनं भांडून घरी आलतो. एकाची पाळी मी दुसऱ्याला सांगून ठिवलती. ती हसली आन् म्हणली, "काका, तुमच्या सावडीचं मी ॲप करून देते. पण आधी मला सांगा, तुम्ही पाळी सांगायला निघता तेव्हा घरोघरी काय काय विचारता?"

मी म्हणलं, "च्या झालाय का ते."

"आणि त्यानंतर?"

"मग खाचरं किती, चिखलणी झाली का, आन् त्या घरातनं उद्या कोण येणार."

"हे सगळं रोज विचारता?"

"न्हाई. खाचर काय उठून कुटं जात न्हाई, ते एकदा इचारलं की साल निगतं. चिखलणीचं दोन दिवसांनी इचारायचं. आन् कोण येणार ते रोज सकाळी, कारण लोकांच्या कमरा रातीतनं धरत्यात."

तिनं हे वहीत लिहून घेतलं. माज्या तोंडातनं निगालेलं कुणीतरी वहीत लिहितंय, हे मी आयुष्यात पयल्यांदा बगत व्हतो. एकदा पोलिसानं लिवलं व्हतं, पण ते येगळं.

ती म्हणली, "ॲपचं सगळं अवघड इथंच असतं, काका. कुठली गोष्ट किती वेळ जुनी चालते आणि परत आणायला कधी जायचं. बाकी रंग आणि बटणं सोपी. बरं, दोन जणांनी तुम्हाला एकाच घरची एकच गोष्ट विचारायला पाठवलं तर?"

"तर मी दोनदा जातो."

"एकदाच जाऊन दोघांना सांगता येईल की."

"दोनदा गेलं की दोन च्या मिळत्यात."

"आणि घराला कुलूप असलं तर?"

"पायरीवर बसतो."

"ॲपनं तसं बसून चालत नाही. ते थोडं थांबून परत जातं. तेव्हाही नाही मिळालं तर अजून जास्त थांबतं, मग त्याहून जास्त."

"हे मी माज्या लग्नाच्या टायमाला केलतं. पयल्या नकारानंतर आठ दिवसांनी गेलो, मग महिन्यानं, मग सालानं. शेवटी तुजी काकू दमली."

आतनं भाकरी थापता थापता बायको म्हणली, "मी न्हाई, माजा बाप दमला."

मग पुतणीनं मला मुद्द्याची गोष्ट सांगितली. म्हणली, "ॲप उघडलं की ते आधी आपल्याजवळचं जुनं दाखवेल, म्हणजे तुम्हाला कोऱ्या पानाकडं बघत बसायला नको. तेवढ्यात मागच्या मागं नवीन आणायला जाईल. नवीन आलं की जुनं काढून ते लावेल."

हितं शाण्या माणसानं इचारलं असतं, की नवीन आलंच न्हाई तर? मी इचारलं, त्यात माजा फोटू घालता येतोय का.

लावणीच्या आदी तिनं, ज्यांच्याकडं बोटानं चालणारा फोन हाय त्या सगळ्यांना ॲप घालून दिलं. अठरा घरं एकाखाली एक, आन् आज ज्याची पाळी त्याचं घर हिरवं. पाळी बदलायची असंल तर ज्याची त्यानं बदलायची. मला वाचायला येळ लागतो, पण हिरवं कळतं. पयले दोन-तीन दिवस मी जांभळीखालनं हाललोच न्हाई. बोटानं पान खाली ओढून सोडलं की ॲप परत नवीन आणायला जातं, हे मला कुणीतरी शिकवलं, आन् मी दिवसभर रहाटावर असल्यागत ओढत बसलो. तिसऱ्या दिवशी पुतणीचाच फोन आला.

"काका, तुमच्या फोनवरनं सारखं सारखं काय विचारताय?"

"पाळी बदलली का बगत व्हतो."

"मिनिटा-मिनिटाला बदलते का पाळी?"

"म्हणून तर बगत व्हतो, का बदलत न्हाई ते."

"बदलली की दिसेल. आता फोन खिशात ठेवा आणि लावणीला जा."

मला तोडून सांगितलं की मी पार उलट्या टोकाला जातो. त्या दिवसापासनं मी वर जायचंच सोडलं. फोन पिशवीतनं जायचा, पिशवीतनं यायचा, आन् मी सकाळी चुलीजवळ बसून हिरवं कुटाय तेवढं बगायचो. पाळ्या ठरल्या तशाच व्हत्या, त्यामुळं नीट चाललं व्हतं. लोक पयल्यांदा माज्यावर इश्वास ठिवायला लागलेले. खालच्या वाडीतला आबा, सत्तरीचा माणूस, मला म्हणला, "तू बदलला रं." मला घरी येईस्तोवर रडू येत व्हतं.

आता मावशीचं सांगतो. ओढ्यापल्याड, खालच्या वाडीपासनं सुटं, एकलंच तिचं घर. माजी सख्खी न्हवं, सगळ्या वाडीची मावशी. नवरा गेल्या साली गेला. वावर म्हणजे तीन खाचरं. लेक तळेगावला दिलेली. लेकीचं म्हणणं, आई, तुला एकटीला आता होत नाही, जागेला बंगलेवाल्याचं गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू आणि तू माझ्याकडं ये. लेक काय वाईट न्हाई. घरात पाय घसरून आई दोन दिवस पडली तरी कुणाला कळायचं न्हाई, ही तिची काळजी. मावशीनं उन्हाळ्यात लेकीला सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्या साली माजी लावणी झाली तर वावर ऱ्हाईल. पडीक ऱ्हायलं तर तू म्हणशील तसं." म्हणून सावडीत मावशी एक दिवस चुकली न्हाई. गुडघे सुजलेले, तरी पंधरा जणांच्या वावरात वाकली. तिची पाळी शुक्रवारी व्हती.

बुधवारी काय झालं ते मला नंतर कळलं, पण आदीच सांगतो. गुरुवारची पाळी आमच्या टिलरवाल्याची. सगळ्यांच्या खाचरात मशीन फिरवून चिखलणी तोच करतो, त्यामुळं त्याचं स्वताचं खाचर मागं ऱ्हायलेलं. बुधवारी टिलर मोडला. तो घेऊन कामशेतला निगाला, आन् वाटेवर मावशीच्या दारात थांबून म्हणला, "मावशी, तुजी चिखलणी झालीय. उद्या तुजं घिऊ, शुक्रवारी माजं." मावशी व्हय म्हणली. त्याची बायको लावणीसाठी म्हायेरी गेल्ती, त्यामुळं घरी सांगणारं कुणी न्हाई. पयल्यासारखं असतं तर तो चार घरं फिरून सांगून गेला असता. पण आता ॲप हाय म्हणल्यावर त्यानं कामशेतला पोचून फोनातच पाळ्यांची अदलाबदल केली. त्याचं काय चुकलं न्हाई. ॲपाचं बी काय चुकलं न्हाई. गुरुवारी मावशी, असं तितं पक्कं लिहिलं गेलं.

त्याच सांजेला आमच्या बायकोनं पिशवी वर नेली. त्यात माजा फोन व्हता, आबाच्या सुनेचा व्हता, आजून दोघातिघांचे व्हते. मेसेज टणाटण पडले. पिशवी खाली आली.

गोम अशी व्हती. मेसेज आपल्या पायानं येऊन पडत्यात. हे ॲप तसं न्हाई. ते उगडलं तरच नवीन आणायला जातं. दगडावर ते कुणी उगडलंच न्हाई. मी उगडलं दुसऱ्या दिवशी सकाळी, चुलीजवळ, जितं रेंजचा पत्ता न्हाई. त्यानं आपल्याजवळचं जुनं दाखवलं, मागच्या मागं नवीन आणायला गेलं, हात हालवत परत आलं, आन् गप बसलं. हिरवं टिलरवाल्याच्या घरावरच.

बायको म्हणली, "काल वर जाऊन आलाय फोन, बरोबर असंल." तरी बी मी, आयुष्यात कदी न्हाई तो, शाणपणा केला. आणखी तिघांच्या घरी जाऊन त्यांचे फोन बगितले. तिघांचं बी हिरवं टिलरवाल्यावर. चार फोन एकच सांगत्यात म्हणल्यावर शंका कुटली? ते चारी फोन एकाच पिशवीतले, हे माज्या डोक्यात आलं न्हाई.

आमी सोळा जण टिलरवाल्याच्या बांधावर जाऊन उभं ऱ्हायलो. सोळाच का, तर टिलरवाला न्हाई आन् मावशी न्हाई. मावशीचे गुडघे धरले असतील, असं मीच सगळ्यांना सांगून टाकलं. खाचरात चिखल न्हाई, ढेकळं तशीच, त्यात पाणी साचलेलं. आबानं काठी घालून बगितली.

"अरं, चिखल कुटाय?"

"होईल आबा. टिलर येत असंल. फोनात हिरवं हाय."

"फोनात असंल. वावरात न्हाई."

"आबा, कंपनीतल्या पोरीनं केलंय ते."

"पोरगी कंपनीत हाय. वावर हितं हाय. मावशीकडं एकदा बगून येतो का कुणी?"

"तिची पाळी उद्या. उगा ओढा कशाला वलांडायचा, पाणी वाढलंय."

हे मी बोललो. दुसरं कुणी न्हाई. मग आमी प्लास्टिकचे कागद डोक्यावर घिऊन बांधावर बसलो. मी नकला केल्या. मालकाची नक्कल केली, पुतणीची केली. सगळे हसले. दुपार झाली, भूक लागली, जेवायला कुणी हाक मारीना. तवा माज्या नकला बी कुणाला आवडंनात.

दोन वाजून गेल्यावर टिलरवाला आला, खांद्यावर पोत्यात मशीनचा काय तरी भाग. आमच्याकडं बगून उभाच ऱ्हायला.

"तुमी हितं काय करताय? मावशीकडं झालं येवड्यात?"

 आबानं माज्याकडं बगितलं. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी पळालो. ओढा वलांडून मावशीच्या वावरात गेलो. तीन खाचरं चिखल करून आरशासारखी, आन् कडेला रोपाच्या मुठी बांधून ठिवलेल्या, रांगेनं. तिनं पहाटे उठून कुरवंड्यातनं दोन बाया बोलावून रोप उपटलं व्हतं. उपटलेलं रोप दोन दिवस निगतं, तिसऱ्या दिवशी पिवळं पडतं. मावशी वावरात न्हाई, घरात न्हाई. चुलीपशी ही येवडी भाकरीची चवड, फडक्यात बांधलेली, आन् वाटाण्याच्या रश्श्याचं पातेलं.

मावशी जांभळीकडनं उतरताना दिसली. हातात तिचा बटणाचा फोन.

मी म्हणलं, "मावशी, चुकलो."

"तू न्हाई रं चुकला. मी चुकले. एकटीच्या वावरात कोण येतंय."

"तसं न्हाई मावशी, फोनात जुनं..."

"फोनाचं मला सांगू नगं. सकाळधरनं बांधावर बसले. धुक्यातनं प्रत्येक येळी वाटायचं, आले. नवरा असता तर आला असता ना तुमी?" ती रागात न्हवती, हेच वाईट व्हतं. "लेकीला सांगून आले. म्हणलं, घिऊन ये त्या बंगलेवाल्याला, मी अंगठा द्यायला तयार हाय. उद्याच येती म्हणली."

मी फोन काढून दाखवायला लागलो, पिशवीचं सांगायला लागलो, चार फोनांचं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं.

"मग बगायला का न्हाई आला?" म्हणली. "ओढा वलांडायला किती लागतंय?"

धा मिंटं लागत्यात. मी पळत आलो तवा पाचच लागली.

ती गेल्यावर मी वर जांभळीच्या दगडावर जाऊन बसलो, आन् तितं पयल्यांदा मला विनोद सुचला न्हाई. जल्म चिखलात गेला. पाय घातला की कळतं, वावर तयार हाय का न्हाई, मला बी कळतं. त्या दिवशी ढेकळं डोळ्याफुडं व्हती आन् मी फोनावर इश्वास ठिवला. कारण फोन शिकलेल्या माणसांचा. चौथीतनं उठलेल्याला वाटतं, आपल्याला दिसतंय ते चुकीचं असंल, तितं लिहिलंय ते बरोबर असंल. आन् दुसरं असं, की मला न्हाई म्हाईत म्हणायची लाज वाटती. ॲप जुनं दाखवून गप बसलं. मी बी तेच करत आलोय. कुणी काय इचारलं की आपल्याजवळचं हाय ते ठोकून द्यायचं, कवाचं हाय ते सांगायचं न्हाई.

तितनंच पुतणीला फोन लावला. खरं तर तिच्यावर ढकलायचं व्हतं. पण सगळं ऐकून तीच म्हणली, "माझी चूक आहे, काका. नवीन मिळालं नाही तर तसं दिसायला हवं होतं. वरती लिहायला पाहिजे, ही माहिती कधीची आहे. आणि जुनी असेल तर हिरवं दाखवायचंच नाही, राखाडी करायचं. रेंज आली की न उघडताही आणून ठेवेल, असंही बघते. मी आजच बसते त्याला."

"ते कर. पण मावशीचं कसं करू?"

ती म्हणली, "ते मला इथनं नाही करता येणार."

मी परत टिलरवाल्याच्या बांधावर गेलो. पंधराचे पंधरा तितंच, उपाशी, आन् टिलरवाला बी. मी म्हणलं, मी गाढव हाय. ह्यावर कुणाचं दुमत झालं न्हाई. मग आबानं इचारलं, "जेवण केलंय का तिनं?"

"सगळ्यांचं. तसंच पडून हाय."

"मग चला की."

मला आदी कळलं न्हाई. आबा काठी टेकत ओढ्याकडं चालायला लागला, मागनं सगळे. पाणी गुडघ्याला लागत व्हतं. मावशीच्या बांधावर जाऊन आबा सरळ ओळीत मांडी घालून बसला, त्याच्या शेजारी एकेक जण. चार वाजून गेलते. दुपारच्या जेवणाची येळ कवाच टळलेली.

आबानं हाक मारली, "बाय, भूक लागलीय. वाढ."

मावशी दारात येऊन उभी ऱ्हायली. "आता कशाला आलाय आबा? लेक यायचीय उद्या. वावर देऊन झालं."

"दिलं की न्हाई ते मी इचारत न्हाई. जेवायला वाढती का न्हाई येवडंच इचारलं."

ती ओळीकडं बगत ऱ्हायली. वाढलं की लावणी आली, हे तिला ठाव व्हतं. आमाला बी ठाव व्हतं. टिलरवाला म्हणला, "मावशी, माजी चिखलणी आजून दोन दिवस व्हत न्हाई. उद्याचा दिवस तसा बी मोकळा हाय."

मी सगळ्यांत शेवटी बसलोतो, जरा लांब, कुणी उठवलं तर पळता यावं म्हणून. मावशी आत गेली. भाकऱ्या घिऊन आली आन् आबापासनं वाढायला लागली. माज्याजवळ आली तवा थांबली. मला वाटलं, आता पुढं जाती. तिनं दोन भाकऱ्या ठिवल्या.

"थंड झाल्यात," म्हणली.

मी म्हणलं, "चालत्यात."

जेवण झाल्यावर मी म्हणलं, "मावशी, वर जाऊन लेकीला फोन लावून दिऊ का? सांगू, येऊ नगं."

"माजे गुडघे न्हाईत आता चढायला. आन् तुज्या तोंडून निरोप नगं. येऊ दे तिला. डोळ्यानं बगंल."

दुसऱ्या दिवशी पाऊस धरून व्हता. आमी आठलाच उतरलो. दोन खाचरं दुपारपर्यंत भरली. मला रोपाच्या मुठी फेकायचं काम दिलतं, लावायचं न्हाई. आदल्या दिवशीचं रोप उनात न्हवतं म्हणून तगलं, पण कडेच्या मुठी दाबून पिवळ्या पडलेल्या. त्या टाकाव्या लागल्या. तिसऱ्या खाचराला रोप कमी पडणार, हे सगळ्यांना दिसत व्हतं.

तेवढ्यात लेक आली. आदल्या दिवशी आईनं सांगितलेलं तेच घेऊन ती तळेगावहून निगालेली, मधी काय झालं तिला कोण सांगणार. चांगली साडी, हातात छत्री आन् प्लास्टिकची फाईल. बांधावर उभी ऱ्हाऊन बगतच ऱ्हायली. खाचरात आमी सगळे वाकलेलो, मधी तिची आई.

"आई, काल तर तू फोनवर म्हणालीस..."

"काल म्हणले."

"अगं, ते लोक खाली रस्त्यावर गाडीत बसलेत. मी त्यांना काय सांगू?"

"च्या दे त्यांना. आन् सांग, वावर भरलंय."

"उद्या परत मला फोन करून देऊन टाक म्हणशील."

मावशीनं सकाळपासनं पयल्यांदा पाठ सरळ केली. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. "पुढच्या साली गुडघे काय म्हणत्यात ते पुढच्या साली सांगीन. ह्या सालचं म्हणशील तर हे हाय, बग."

लेक रस्त्याकडं उतरून गेली. मला वाटलं, आता त्या लोकांना घिऊनच वर येती. मी मुठी फेकायच्या थांबवल्या, तर आबानं खुणेनंच सांगितलं, फेक. खालनं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, वळल्याचा आला, मग आला न्हाई.

ती एकटीच परत आली. फाईल घरात ठिवली, आईची जुनी साडी गुडघ्याच्या वर खोचली, आन् खाचरात न येता कडेच्या रोपाच्या वाफ्यात जाऊन बसली. तितं उपटायचं ऱ्हायलेलं थोडं रोप व्हतं, कवळं, उशिरा टाकलेलं.

"आई, किती उपटू?"

"हाय तेवढं सगळं."

सगळं उपटलं तरी तिसरं खाचर निम्मंच भरलं. निम्मं तसंच ऱ्हायलं, नुसतं पाणी. लेक दोन दिवस ऱ्हाऊन गेली, फाईल अंगठ्याबिगर तशीच घिऊन.